बडोद्याचा बंबाखाना नेमका कशासाठी आहे? अग्निशमन दलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या जुन्या भागांतल्या मराठी कुटुंबांकडून, तसेच अलीकडे गोत्री आणि वासणा रस्त्याकडच्या उंच इमारतींत राहायला गेलेल्या मंडळींकडून बंबाखान्याविषयी, म्हणजेच अग्निशमन दलाविषयी, आमच्याकडे सतत प्रश्न येत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हे दलाचे अधिकृत पत्रक नव्हे. शुल्क, अर्जाचा नमुना आणि मुदती यांबाबत दलाच्या कार्यालयाचा शब्द अखेरचा समजावा. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. अग्निशमन दलाचे ध्येय म्हणजे आग विझवणे, हे उघडच आहे. त्यात आणखी समजून घेण्यासारखे काय आहे?

आग विझवणे हे दलाचे सर्वांत ठळकपणे दिसणारे काम आहे, परंतु उद्दिष्टांच्या क्रमात ते पहिले नाही. घटनास्थळी पोहोचलेला अधिकारी सर्वांत आधी आत कोणी अडकले आहे का, याची चौकशी करतो. त्यानंतर आग शेजारच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर जाणार नाही असा बंदोबस्त होतो, आणि मग प्रत्यक्ष जळणाऱ्या वस्तूकडे लक्ष दिले जाते. मालमत्तेचा विचार जिवानंतरच होतो. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे बघ्यांमध्ये नेहमी कुरबुर ऐकू येते की दुकान इकडे जळते आहे आणि हे लोक पलीकडच्या भिंतीवर पाणी मारत बसले आहेत. पूर्ण पेटलेल्या दुकानातून वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते. तापलेली भिंत मात्र वेळीच थंड केली तर पुढची दुकाने वाचतात.

या सर्वांच्या आधीचे उद्दिष्ट म्हणजे आग लागूच नये, आणि लागली तरी माणसे बाहेर पडू शकावीत. इमारतींची तपासणी, प्रमाणपत्रे, शाळांतली प्रात्यक्षिके ही कामे त्यासाठी असतात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात फारसे येत नाहीत, तरी आमच्या मते दलाचे यश जोखायचे झाल्यास ते येथेच जोखले पाहिजे. पूर, इमारत कोसळणे, अपघातग्रस्त वाहनात अडकलेला माणूस, विहीर, तलाव, बंद पडलेली लिफ्ट, रस्त्यावर पडलेले झाड ही कामेही दलाकडेच येतात. त्यामुळे दलाच्या नावात आता 'आपत्कालीन सेवा' हे शब्द असतात.

२. हे दल पोलिसांच्या हाताखाली येते की राज्य सरकारच्या?

बडोद्यात अग्निशमन दल महानगरपालिकेचा विभाग आहे आणि त्याचे प्रमुख मुख्य अग्निशमन अधिकारी असतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत केलेला आहे. कायदा मात्र राज्याचा आहे: गुजरातमध्ये २०१३ चा आग प्रतिबंध व जीवसुरक्षा उपाययोजना कायदा लागू असून इमारतींवरची बंधने त्याखाली येतात (प्रश्न १२ पाहा). पोलीस घटनास्थळी गर्दी आणि वाहतूक सांभाळतात, तसेच मृत्यू किंवा घातपाताचा संशय असल्यास तपास करतात. आग कशी विझवायची, हा निर्णय त्यांचा नसतो.

३. १०१, ११२ की १०८? घाईत नेमका कोणता नंबर लावावा?

आगीसाठी आणि बचावकार्यासाठी १०१ हा थेट नंबर आहे. ११२ हा देशभरातला एकत्रित आपत्कालीन नंबर असून तेथूनही अग्निशमन दलाला कळवले जाते. १०८ ही रुग्णवाहिका आहे. कोणी भाजले असेल किंवा धुराने गुदमरले असेल तर दोन जणांनी दोन फोनवरून १०१ आणि १०८ एकाच वेळी लावावेत. गॅस सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबर आहे, परंतु ज्वाळा दिसत असतील तर आधी १०१ लावावा. शेजाऱ्यांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकणे म्हणजे दलाला कळवणे नव्हे. 'कोणीतरी फोन केलाच असेल' असे धरून चाललेल्या मजल्यावर कोणीच फोन केलेला नसतो, हे अनेकदा घडते.

४. फोनवर काय सांगावे? आजीला गुजराती धड बोलता येत नाही, तिने फोन केला तर चालेल का?

निःसंकोच चालेल. हिंदीत किंवा सोप्या मराठीतही काम भागते. बडोद्यात मराठी कानाला परकी नाही. फक्त वाक्ये लहान ठेवावीत आणि पुढील क्रमाने सांगावे: कुठे, काय जळते आहे, कितव्या मजल्यावर, आत कोणी आहे का, आणि आपला फोन नंबर. पत्ता सांगताना घराच्या नावापेक्षा पोळीचे किंवा खडकीचे (जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीचे) नाव, जवळचे देऊळ, शाळा किंवा चार रस्ता आणि मोठी गाडी कोणत्या बाजूने आत येऊ शकते, हे अधिक उपयोगी पडते. समोरच्या व्यक्तीने फोन ठेवण्यास सांगेपर्यंत आपण ठेवू नये. ज्या घरांत वृद्ध मंडळी दिवसभर एकटी असतात, तेथे हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही पटकन आठवत नाही.

५. बंब किती वेळात येतो? आणि उशिरा का येतो?

शहरी भागात पहिली गाडी ५ ते ७ मिनिटांत पोहोचावी, असे प्रमाण राष्ट्रीय पातळीवरच्या नियोजनात धरले जाते. दांडिया बाजार, पाणीगेट, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) अशी अग्निशमन केंद्रे शहराच्या निरनिराळ्या भागांत ठेवण्यामागे हेच गणित असते, आणि फोन आल्यावर जवळच्या केंद्रातून पहिली गाडी निघते. उशीर केंद्रातून निघताना क्वचितच होतो, तो रस्त्यावर होतो. जुन्या शहरातल्या मांडवीच्या आसपास सणासुदीच्या संध्याकाळी जी परिस्थिती असते ती आपण सारे जाणतो.

घंटा किंवा भोंगा ऐकूनही वाट न देणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई अन्वये १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याची भीती नसली तरी एवढे ध्यानात ठेवावे की मधल्या त्या मिनिटांत खोलीतली आग घराची होऊन बसते.

६. आमची खडकी इतकी अरुंद आहे की बंब आत येऊच शकत नाही. मग आम्ही देवाच्या भरवशावर राहायचे का?

नाही. मोठा बंब आत येत नसेल तर तो तोंडाशी उभा करून तेथून पाण्याची होज एकाला एक जोडून आत नेली जाते, आणि दाट वस्तीसाठी लहान गाड्याही वापरल्या जातात. अडचण रुंदीपेक्षा अधिक अडथळ्यांची असते. जुन्या भागातली गल्ली मुळात सात-आठ फुटांची असते. त्यात दोन्ही बाजूंना दुचाकी, कोणाचा कूलर, कोणाच्या कुंड्या, ओट्यापुढे वाढवलेली पायरी आणि वरून लोंबणाऱ्या तारा. होज नेणाऱ्या जवानाला या सर्वांतून पाण्याने भरलेले जड नळकांडे वळवत न्यावे लागते आणि प्रत्येक वळणावर ते अडकते. त्यामुळे खडकीने स्वतःपुरता एक नियम करावा: एका बाजूला वाहने अजिबात लावायची नाहीत, रात्रीसुद्धा. तोंडाचा लोखंडी दरवाजा रात्री कुलूपबंद होत असेल तर त्याची किल्ली किमान दोन घरांत असावी.

जुन्या घरांत सागवानी तुळया, लाकडी जिना आणि भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे आग छपराछपराने पसरते. अशा वस्तीत शेजाऱ्याचे घर लगेच रिकामे करणे हा अतिरेक समजू नये.

७. दल येईपर्यंत आम्ही काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि याचेच उत्तर सर्वांत जास्त जीव वाचवते.

आगीत बहुतेक माणसे ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो, आणि तो श्वासात गेला की माणसाला पळण्याची बुद्धीच सुचत नाही. धूर वर चढतो, त्यामुळे जमिनीलगत हवा थोडी बरी असते. धुरातून जावेच लागले तर गुडघ्यांवर रांगत, एक हात भिंतीला लावून जावे. बाहेर पडताना खोलीचे दार ओढून घ्यावे, कुलूप लावू नये. बंद दारामुळे आगीला हवा कमी पडते आणि पलीकडच्यांना काही मिनिटे मिळतात.

बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने ते चाचपावे. गरम लागले तर उघडू नये. त्या खोलीतच राहून दाराच्या फटीत ओल्या साड्या, चादरी किंवा टॉवेल कोंबावेत, खिडकीपाशी जावे, रंगीत कापड हलवावे आणि १०१ वर आपला मजला व खोली सांगावी. लिफ्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. एकदा बाहेर पडल्यावर दागिने, कागदपत्रे किंवा मोबाइल आणण्यासाठी परत आत जाऊ नये. आत कोणी राहिले असेल तर दलाच्या पहिल्या माणसाला तेवढेच सांगावे.

अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी सुमारे २० मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, हळद, तूप आणि बर्फ यांपैकी काहीही लावू नये, घरातल्या ज्येष्ठांनी कितीही आग्रह केला तरी.

खिडक्यांच्या जाळ्यांविषयी एक शब्द येथेच सांगतो. चोरांच्या भीतीने घराला चहूबाजूंनी न उघडणारी लोखंडी जाळी लावण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. निदान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारा भाग असावा आणि त्याची किल्ली त्याच खोलीत ठरलेल्या जागी टांगलेली असावी.

८. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस यांच्या गळतीत फरक असतो का?

फरक असतो, आणि बडोद्यात तो समजणे विशेष गरजेचे आहे, कारण येथे घरोघरी पाइपचा गॅस फार पूर्वीपासून आहे आणि कित्येक घरांत जोडीला १४.२ किलोचे सिलिंडरही असते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, पलंगाखाली, जिन्याच्या तळाशी. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडरच्या गळतीत दारे उघडून केरसुणीने खालची हवा बाहेर लोटण्याचा उपयोग होतो, तर पाइपच्या गळतीत वरची झडप आणि खिडक्या उघडणे अधिक महत्त्वाचे ठरते.

दोन्ही प्रकारांत विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि फ्रिज यांकडेही लक्ष असावे. दिवा हळूच शांत करावा, फ्रिजला हात लावू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून शक्य झाल्यास सिलिंडर मोकळ्यावर न्यावा. पाइपच्या गॅससाठी मीटरजवळची मुख्य चावी बंद करावी आणि बिलावर छापलेल्या आपत्कालीन नंबरवर कळवावे. ही चावी घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंनासुद्धा, दाखवून ठेवलेली असावी.

सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा धरली असेल तर गॅस बंद न करता ती नुसती विझवणे धोक्याचे असते, कारण गॅस येतच राहतो आणि पुन्हा एकदम पेट घेतो. चावीपर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर जाड ओले पोते टाकून ती बंद करावी. पोहोचत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ लावावा.

९. पाणी कुठे मारू नये?

पेटलेल्या तेलावर आणि चालू विजेवर. कढईतले तेल पेटले की घाबरून त्यात तांब्याभर पाणी ओतले जाते. ते पाणी तेलाखाली जाते, क्षणात सुमारे १,७०० पट फुगून वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. अशा वेळी गॅस बंद करून कढईवर बाजूने मोठे झाकण किंवा परात सरकवावी आणि ती थंड होईपर्यंत उचलू नये. विजेच्या आगीत आधी मुख्य स्विच बंद करावा. खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये जळत असेल तर लांब राहून १०१ आणि वीज कंपनी या दोघांनाही कळवावे. वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय दलसुद्धा पाणी सोडत नाही आणि ते योग्यच आहे.

१०. घरात कोणते अग्निशामक उपकरण ठेवावे?

सर्वसाधारण घराला आयएसआय चिन्ह असलेले एबीसी पावडरचे लहान उपकरण पुरते. ते लाकूड-कापड, तेल-पेट्रोल आणि गॅस या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालते आणि विजेच्या उपकरणावरही वापरता येते. ते दाराजवळ, बाहेर पडण्याच्या वाटेवर लावावे. स्वयंपाकघराच्या आत, शेगडीच्या पलीकडे लावलेले उपकरण ऐन वेळी हाताला येत नाही. वापरताना पिन ओढावी, नळीचे तोंड ज्वाळांच्या मुळाशी धरावे, दांडी दाबावी आणि डावीकडून उजवीकडे फिरवावे. लहान उपकरण साधारण १० ते २० सेकंदांत संपते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर दुसरे शोधत न बसता बाहेर पडावे. दर महिन्याला दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते पाहावे. चपलांच्या स्टँडमागे टांगलेली, धूळ खात पडलेली, पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी मिरवणारी उपकरणे आम्ही इतकी पाहिली आहेत की ती नसलेली बरी असे वाटू लागते.

११. विजेवर चालणारी स्कूटर घरात चार्ज करणे सुरक्षित आहे का?

जिन्याखाली किंवा दारातच चार्ज करणे टाळावे, कारण तीच बाहेर पडण्याची एकमेव वाट असते. लिथियम बॅटरी पेटली तर ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते आणि तिचा धूर विषारी असतो. लांबून भरपूर पाणी मारून ती थंड करणे हे दलाचे काम आहे. घरच्यांनी दूर व्हावे. कंपनीचाच चार्जर वापरावा आणि रात्रभर लावून झोपू नये.

१२. 'फायर एनओसी' कोणाला लागते? आमची सोसायटी साधी रहिवासी आहे.

लोकांच्या तोंडी एनओसी (ना हरकत दाखला) असले तरी २०१३ च्या कायद्याखाली इमारतीचा वापर, उंची आणि क्षेत्रफळ यांनुसार अग्निसुरक्षा प्रमाणपत्र घ्यावे लागते. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. रुग्णालय, शाळा, शिकवणी वर्ग, मॉल, चित्रपटगृह, मंगल कार्यालय अशा लोकांची गर्दी होणाऱ्या जागांवर नजर अधिक कडक असते. आपली इमारत नेमकी कोणत्या वर्गात बसते, हे मंजूर नकाशा आणि वापर परवानगी घेऊन दलाच्या कार्यालयात विचारावे.

प्रमाणपत्राला मुदत असते आणि नूतनीकरणाची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. दलाने आठवण करून दिली नाही, ही सबब चालत नाही. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी वरच्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गात २२ जणांचा बळी गेला, आणि राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी २७ जणांचा. दोन्ही ठिकाणी प्रश्न बंब किती आले हा नव्हताच. माणसांना बाहेर पडायला वाट आणि वेळ मिळाला नाही, हा होता.

१३. सोसायटीत पंप, पाइप, होज सगळे आहे. मग आम्ही निश्चिंत राहावे ना?

ते चालते का, हे शेवटचे केव्हा पाहिले ते आधी तपासावे. उंच इमारतीत दलाची शिडी सर्वत्र पोहोचत नाही, आणि पोहोचणारी गाडी उभी राहण्यासाठी खाली मोकळी, भक्कम जागा लागते. त्यामुळे वरच्या मजल्यांवरची आग मुख्यतः इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेनेच विझवावी लागते. नेहमी आढळणारे दोष असे: पंपाचा स्विच 'ऑटो'वरून कोणीतरी बंद केलेला, अग्निशमनाच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात बागेला वापरलेले, होजच्या पेटीतून पितळी नोझल चोरीला गेलेले, जिन्यात जुने सोफे आणि सायकली, गच्चीच्या दाराला कुलूप, आणि २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत आणीबाणीच्या आश्रयासाठी सोडलेल्या जागेत सोसायटीने मांडलेले टेबल टेनिस.

१४. आमच्या इमारतीत एका सभासदाने फ्लॅटमध्ये शिकवणी वर्ग किंवा गोदाम सुरू केले आहे. दल काही करू शकते का?

वापर बदलला की धोक्याचा वर्गही बदलतो. चार माणसांच्या घरासाठी आखलेला जिना चाळीस मुलांना पुरत नाही. आधी समितीने त्या सभासदाला लेखी कळवावे, नंतर महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला पत्र देऊन पोच घ्यावी. शेजारधर्म म्हणून गप्प बसलेल्या समितीला दुर्घटनेनंतर उत्तरे द्यावी लागतात.

१५. गणपतीच्या मंडपासाठी काय काळजी घ्यावी?

परवानगीच्या अटी मंडळांना ठाऊक असतात, म्हणून त्या येथे देत नाही. मांडवात हमखास चुकणाऱ्या गोष्टी मात्र तीन: आरास थर्माकोलची आणि पडदे सिंथेटिक असताना दिव्यांच्या माळांचे जोड उघड्या टेपने बांधलेले असतात, अखंड दिवा पडद्याच्या अगदी लगत असतो, आणि मांडव रस्त्याची सगळी रुंदी अडवतो. मांडवाला दोन वाटा असाव्यात, वाळूच्या व पाण्याच्या बादल्या आणि एक उपकरण ठेवलेले असावे, आणि रात्री एक कार्यकर्ता खरोखर जागा असावा. विसर्जनाच्या दिवशी तलावांवर दलाचे जवान असतात. ते मूर्ती घेऊन खोल पाण्यात जाऊ देत नाहीत तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

१६. विश्वामित्रीला पूर आला की दल आमच्यापर्यंत येते का?

येते, परंतु मोठ्या पुरात दल एकटे पुरे पडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि लष्करही बचावात उतरले होते. एनडीआरएफची सहावी तुकडी बडोद्याजवळच जरोद येथे असते, हे आपले भाग्य. पुरात बोटी आधी आजारी, गरोदर, वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरांकडे पाठवल्या जातात, म्हणून फोनवर हे आवर्जून सांगावे. केवळ दूध किंवा मोबाइल चार्जिंगसाठी बोट मागवू नये. पाणी मीटरपर्यंत चढण्याआधी मुख्य स्विच बंद करावा.

१७. पाणी ओसरल्यावर अंगणात मगर दिसली, किंवा पतंगाच्या मांजात पक्षी अडकला, तर १०१ लावावा का?

मगरीसाठी वन विभागाला कळवावे. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे; तिला काठीने डिवचणे किंवा दोरी टाकणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही, आणि तिच्यासोबत फोटोही काढू नये. लोकांना दूर ठेवावे आणि कुत्री बांधावीत. उत्तरायणात (मकरसंक्रांतीच्या पतंगोत्सवात) जखमी पक्ष्यासाठी १९६२ ही पशू-पक्षी मदत सेवा आहे. पक्षी उंच झाडावर किंवा तारांत अडकला असेल तर दल शिडी घेऊन येते. मात्र त्याच वेळी कुठे आग लागली असेल तर पक्ष्याची पाळी नंतर येते, हे समजून घ्यावे.

१८. गटारात किंवा टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर लगेच दुसऱ्याने उतरून काढावे ना?

मुळीच नाही. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही दगावतो, कारण आतला विषारी वायू दोरी बांधण्याइतकाही वेळ देत नाही. वरूनच झाकणे उघडावीत, १०१ आणि १०८ लावावेत, आणि श्वसनयंत्र घातलेल्या जवानालाच उतरू द्यावे.

१९. कोयलीच्या रिफायनरीत किंवा नंदेसरीच्या कारखान्यात आग लागली तर शहराचे बंब तिकडे जातात. मग शहर उघडे पडत नाही का?

मोठ्या कारखान्यांची स्वतःची अग्निशमन दले असतात आणि रसायनांची आग फोमने कशी विझवायची यात ती अधिक तरबेज असतात. मोठी आग असल्यास परस्परांना मदत केली जाते; कोयली रिफायनरीत ११ नोव्हेंबर २०२४ रोजी साठवण टाकीला आग लागून दोन जण दगावले तेव्हाही बाहेरची दले मदतीला गेली होती. शहरासाठी काही गाड्या राखून ठेवल्या जातात. अशा वेळी नागरिकांनी धुराच्या विरुद्ध दिशेला जावे, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि आग पाहायला गाड्या घेऊन त्या रस्त्यावर जाऊ नये.

२०. आग आम्हीच विझवली. आता फोन करण्याची गरज आहे का?

आहे. गादी, कापूस, लाकडी छत आणि भिंतीतली वायरिंग यांत आग तासन्‌तास धुमसत राहते आणि मध्यरात्री पुन्हा पेटते. शिवाय नोंद झाली नाही तर पुढे दाखला मिळण्यात अडचण येते (प्रश्न २२ पाहा). चांगल्या हेतूने केलेला फोन अनावश्यक ठरला तरी कोणी रागावत नाही. मुद्दाम खोटा फोन करणे मात्र गुन्हा आहे.

२१. मुलाला अग्निशमन दलात जायचे आहे. शिक्षण कुठे मिळते?

देशातली प्रमुख संस्था नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे; १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन ते पुढच्याच वर्षी नागपूरला आले. महानगरपालिकेतल्या जागांची पात्रता जाहिरातीत दिलेली असते. पोहणे, उंचीची भीती नसणे आणि अवजड वाहन चालवण्याचा परवाना या गोष्टी उपयोगी पडतात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात केंद्रावर प्रात्यक्षिके होतात. मुलाला आधी तेथे घेऊन जावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाच्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो.

२२. जवानांनी दार फोडले आणि पाण्याने फर्निचर खराब झाले. याची भरपाई कोण देणार? विम्यासाठी कोणता कागद लागतो?

जीव वाचवण्यासाठी किंवा आग पसरू नये म्हणून सद्भावनेने केलेल्या तोडफोडीची भरपाई सहसा दलाकडून मागता येत नाही. आग विम्यात मात्र विझवताना झालेले पाण्याचे आणि तोडफोडीचे नुकसान सामान्यतः आगीच्याच नुकसानीत धरले जाते, म्हणून दावा करताना ते वगळू नये. पॉलिसीतली कलमे मात्र आधी वाचावीत.

विमा कंपनी अग्निशमन दलाचा दाखला मागते. त्यासाठी घटनेची तारीख, वेळ, पत्ता, मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा आणि ओळखपत्र जोडून दलाच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. शुल्क आणि दाखला मिळण्याची मुदत तेथेच विचारावी. दाखल्यात आगीचे संभाव्य कारण आणि घटनेचा तपशील असतो. नुकसानीची रक्कम विमा कंपनीचा सर्वेक्षक ठरवतो, त्यामुळे दलाच्या अधिकाऱ्याकडे 'एवढा आकडा लिहून द्या' असा आग्रह धरू नये. कारणाबाबत आपले म्हणणे वेगळे असल्यास अर्जासोबत ते लेखी द्यावे, आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत जळका ढिगारा हलवू नये. हलवणे भागच असेल तर आधी चारही बाजूंनी तारीख दिसेल असे फोटो काढावेत आणि जळालेल्या मीटरचा व वायरिंगचा तुकडा जपून ठेवावा.